दौंडात न दिसणारं लग्न

मुराळी एकटाच परत आला, तेव्हाच मी ओळखलं की आता पायात चप्पल मला घालावी लागणार. लग्नाला आठवडा झाला होता. जयसिंग फराट्यांचा रुद्र आपल्या बहिणीला, नीलमला, पहिल्यांदा माहेरी आणायला दौंडला गेला आणि नुसता चहा पिऊन आला. आमच्या मांडवगणात याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. संध्याकाळपर्यंत पारावर चार कारणं तयार होती, आणि चारही वाईट.

स्थळ मी सुचवलेलं. गावच्या सोसायटीत सचिव म्हणून माझी हयात गेली. दुसऱ्याचं जमा-नावे बघायची सवय निवृत्तीनंतर माणसांवर आली. मध्यस्थाचं खातं मोठं चमत्कारिक. संसार चांगला चालला तर ते पोरीचं नशीब, आणि बिघडला तर सगळी बाकी मध्यस्थाच्या नावावर.

"आप्पा, तुमचं दौंडचं सोनं काय म्हणतंय बघा," जयसिंग म्हणाला. "मंगलाष्टकात नवऱ्याच्या मामाचं नाव घेतलं न्हाई म्हणं. नाव घेतल्याचं दाखवा, मग पोरगी न्या."

आमच्या भागात मंगलाष्टकाच्या शेवटच्या कडव्यात दोन्हीकडच्या मामांची नावं गुंफतात. हार विसरला तर चालतो, आहेर पडेल किमतीचा दिला तर दोन दिवस चर्चा होते. पण कडव्यातून मामा सुटला तर तो पुढच्या पिढीपर्यंत सुटतो. म्हणून ही नावं लग्नाच्या आदल्या दिवशी मी स्वतः जयसिंगच्या भावजयीकडून, सुषमाकडून, म्हणवून घेतली होती. गाणारी तीच.

दुसऱ्या दिवशी दौंडला गेलो. नवरदेव दत्ता रांजणगावच्या कारखान्यात. बाप लवकर गेला, म्हणून आई सिंधूबाई भावाच्या आधारानं रेल्वे कॉलनीत राहिली आणि मामानंच भाच्याला वाढवलं. मामा हनुमंतराव मालगाडीवर गार्ड. त्या घरात देवाच्या खालोखाल शब्द त्यांचा. हे मी स्थळ सुचवतानाच हेरलं होतं. दुसरंही एक हेरलं होतं, ते मात्र कुणाला बोललो नव्हतो: हनुमंतरावांना मोनिका नावाची लग्नाची मुलगी आहे. आमच्यात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. दत्तानं तो हक्क सोडून मांडवगणची मुलगी केली, आणि मामांनी हसून होकार दिला. त्या हसण्याचा हिशेब मला तेव्हाही लागला नव्हता.

हनुमंतराव खुर्चीत बसले होते. गळ्यात हिरवा मफलर, त्याला मधोमध लाल दोऱ्याचं ठसठशीत रफू. भर दुपारी, घरात.

"या मध्यस्थ," ते म्हणाले. आप्पा नाही, पाव्हणं नाही, मध्यस्थ.

"मामा, तुमचा राग आलाय कानावर."

"राग? माझा काय हक्क राग करायचा? पोराला शिकवलं, नोकरीला लावलं. त्याच्या बदल्यात एक नाव. तेवढंबी तुमच्या जयसिंगरावांना जड झालं."

"घेतलं की नाव. सुषमानं घेतलं, मी कानानं ऐकलं."

"सुषमा कोण? जयसिंगची भावजय. तुम्ही कोण? सोयरीक जुळवणारे. आमच्याकडचा एक माणूस उभा करा."

इथं माझी पंचाईत होती. सिंधूबाईंच्या घरची रीत अशी की अक्षता पडताना वरमाय मांडवात थांबत नाही. त्या खोलीत बसून होत्या. दौंडकर पाव्हण्यांतले निम्मे सावधान म्हणायच्या आधीच पंगतीत जागा धरायला पळाले, निम्मे गप्पांत. उरला दत्ता. तो मान खाली घालून म्हणाला, "मामा, पोरं मागनं फेसाचे फवारे मारत होती. माझ्या दोन्ही कानांत फेस होता."

"झालं!" मामा म्हणाले. "मी ड्यूटीवर, मनमाडच्या गाडीवर. म्हणलं, लाईव्ह हाय, उतरल्यावर बघू. फोन उघडला तर काळी पाटी. 'हा व्हिडिओ तुमच्या देशात उपलब्ध नाही.' माझ्या देशात! सुरुवातीपासनंच बंद असतं तर मी गप बसलो असतो. पण घरी बघणारे सांगतात, आधीचं दिसत हुतं. नाव घ्यायच्या टायमालाच बरं बंद पडलं?"

"ते व्हिडिओवाल्या पप्पूलाही तेव्हा कळलं नव्हतं."

"पप्पूला सगळं कळतं. आन् मठ्ठा तेवढा खारट करून ठेवला होता, माणसं नुसती पाणी पीत होती."

मी चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबवला. मठ्ठा खारट झाला होता हे खरं. पण फक्त पहिल्या पंगतीला. आचाऱ्याला सांगून त्यात मीच घागरभर ताक ओतवलं होतं. पहिली पंगत आमच्या गावकऱ्यांनीच अडवली होती, दौंडकर जेवायला बसले ते त्यानंतर. मग हे मीठ हनुमंतरावांच्या जिभेवर आलं कुठून? कुणीतरी सांगितलं असेल, असं स्वतःशी म्हटलं आणि ती रक्कम संशयित खात्यात टाकली.

निघताना नीलम दारापर्यंत आली. "आप्पा, भांडून मला नेऊ नका," ती हळू आवाजात म्हणाली. "सकाळपास्नं सासूबाई माझ्याशी बोलतात, पण माझ्याकडं बघत न्हाईत. मला इथनं हसून पाठवलं पाहिजे. न्हाईतर आज गेले तरी परत येताना या दाराशी मी चोरच."

एवढंच तर हवं होतं तिला. पण ते मिळवायचं कुठून?

पप्पूचा स्टुडिओ बाजारपेठेत, बँकेच्या वर. लग्नाचं लाईव्ह त्यानंच केलेलं. "आप्पा, मी बंद नाही केलं," मला बघताच तो म्हणाला. "मंगलाष्टकं गेणबा कोकऱ्यांची, केंदूरच्या. त्यांचे शब्द आणि चाल त्यांच्या वारसांनी पुण्यातल्या एका कंपनीला दिलीय. यूट्यूबचं मशीन चाल ओळखतं. दोन कडवी झाली नाहीत तोच त्यानं इकडं पडदा टाकला."

"मग तुझ्याकडची मूळ कॉपी दे. ती दाखवतो."

पप्पू ओशाळला. कारण आम्हा दोघांनाही एकच गोष्ट आठवली. त्याच लग्नात पप्पूनं पडद्यावर दत्ताच्या वारलेल्या वडिलांना आशीर्वाद द्यायला लावलं होतं, फोटोवरून, हलत्या ओठांनी, त्यांच्याच आवाजात. सिंधूबाई ढसाढसा रडल्या होत्या. आता तोच पप्पू कॉपी घेऊन गेला, तर हनुमंतराव काय म्हणणार हे सांगायला ज्योतिषी नको. मी तरीही फोन लावून बघितला.

"जो पोरगा मेलेल्या माणसाला बोलता करतो," हनुमंतराव फोनवर म्हणाले, "त्याला माझं नाव चिकटवायला किती वेळ लागतो?"

पप्पू मध्येच ओरडला, "मामा, एक युक्ती हाय! फोनला आपण दुसऱ्या देशात हाय असं सांगता येतं. मग दिसंल."

"म्हंजी खोटं बोलून खरं दाखवणार? ते न्हाई चालायचं. यूट्यूबवरचंच पायजे, कुणाचा हात न लागलेलं, सरळ मार्गानं. तसं दाखवा, त्याच घडीला पोरगी पाठवतो. माझा शब्द."

शब्द फार मोठ्या मनानं दिला होता. ज्याला वसुली होणार नाही याची खात्री असते, तो असाच व्याज माफ करतो. मी तोही शब्द टिपून ठेवला.

पप्पूनं मग मला पडदा फिरवून दाखवला. व्हिडिओ कुठं बंद आणि कुठं चालू, याची देशवार यादी. भारत बंद, बांगलादेश बंद, श्रीलंका बंद. नेपाळ चालू. पाकिस्तान चालू.

जयसिंगला हे सांगितल्यावर तो खाटेवरून उठूनच उभा राहिला. "माझ्या पोरीचं लग्न पाकिस्तानात दिसतंय आन् दौंडात न्हाई? हे कुणी केलं? हे साधं काम न्हाई, आप्पा. यात सरपंचाचा हात हाय."

"सरपंचाचा हात पाकिस्तानापर्यंत कसा जाईल?"

"तुम्हाला म्हाईत न्हाई तो."

मी केंदूरची वाट धरली. ते तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. गेणबांनी मेंढरं राखता राखता मंगलाष्टकं रचली. आता घराला विहीर, कांदा, सगळं आहे, मेंढरं तेवढी नाहीत. त्यांची मुलगी सोजराबाई ओट्यावर लसूण सोलत होती. शेजारी तिची नात गौतमी. शिरूरच्या कोर्टात वकिली करते, रविवारी आजीकडं येते.

"कुणाचं लगीन अडलं?" सोजराबाईनं मी बसायच्या आत विचारलं. म्हणजे मी पहिला नव्हतो.

"लागलंय, मावशी. दिसायचं अडलंय. तेवढी परवानगी मिळाली तर—"

"ती कंपनीकडं. अर्ज करा, म्हयन्याभरानं बघत्याल. आन् माझ्या हातात असती तरी दिली नसती." तिनं लसणाची पाकळी सुपात टाकली. "माझ्या बापानं शेवटच्या कडव्यात सोताचं नाव घातलं हुतं. 'गेणबा म्हणे, उभे ऱ्हावा.' ते काढून तुम्ही तिथं मामं बसवलं. कुठला मामा? कुणाचा मामा? बापाचं नाव कापलं तवा कुणी आलं न्हाई इचारायला. मामाचं अडलं की आलं पळत."

कडवं म्हणवून घेणारा मीच की.

"लग्नात म्हणायला कुणाची आडकाठी नाही, आप्पा," गौतमी म्हणाली. "कायद्यातच तशी सूट आहे. भानगड आहे ती जगाला दाखवण्याची. पणजोबा गेले बहात्तरच्या दुष्काळात. आपल्याकडं माणूस गेल्यावर साठ वर्षं त्याच्या रचनेवर वारसांचा हक्क. बांगलादेशातही साठच. नेपाळ, पाकिस्तानात पन्नास, म्हणजे तिथं मुदत संपली. लंकेत सत्तर, म्हणजे तिथं आपल्याहूनही लांब आहे."

"शेजारीशेजारी राहून मुदती वेगवेगळ्या?"

"सगळ्यांनी मिळून एकच ठेवावी असं म्हणणारे आहेत. पण एक म्हणजे कुठली? जो तो म्हणतो, माझी ठेवा."

"सत्तरची ठेवा," सोजराबाई म्हणाली.

"तोवर तू असशील का, आजी?"

"मी नसंन. बाप असंल."

मी परत फिरलो तो रिकाम्या हातानं. डोक्यात मात्र एक गोष्ट फिरत होती. नेपाळात मुदत संपली आहे. तिथं हे लग्न कुणालाही, सरळ मार्गानं, उघड बघता येतं. कुणाचा हात न लागता. हनुमंतरावांनी घातलेल्या अटी एकेक करून आठवल्या. सगळ्या बसत होत्या. फक्त नेपाळात आपला माणूस हवा.

आणि नेपाळातला माणूस दौंडात रोज संध्याकाळी हनुमंतरावांना मोमो खाऊ घालत होता. स्टेशनबाहेर पदम थापाची गाडी आहे. ड्यूटीवरून उतरलेली रेल्वेची माणसं तिथं टेकतात. पदमला ना फराटे ठाऊक, ना कोकरे, ना मराठी धड येत. इतका तटस्थ साक्षीदार कोर्टातही मिळत नाही.

"घरवाली बुटवल में है," तो म्हणाला. "नया टीवी लिया है. शादी देखना उसको बहुत पसंद है."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे सिंधूबाईंच्या खोलीत जमलो. पदमला हनुमंतरावांनीच ओळखलं आणि ते जरा चपापले. "हा कशाला?"

"तुम्हीच म्हणाला होता मामा, सरळ मार्गानं, हात न लागलेलं. ह्याची बायको नेपाळात टीव्हीवर लग्न लावणार, आणि व्हिडिओ कॉलवर आपल्याला दाखवणार. पप्पूला मी खाली जिन्यातच बसवलंय, हातात काही नाही त्याच्या."

हनुमंतरावांनी मफलर गळ्यातून काढला आणि घडी करून मांडीखाली घेतला. थंडी तर मागल्या खेपेपेक्षा जास्त होती. हीही रक्कम मी टिपली.

पदमची बायको फोनवर आली. तिच्या पाठीमागं तीन शेजारणी दाटीनं बसलेल्या. त्यांनी म्हणे लग्न आधीच एकदा पाहून घेतलं होतं. "दुलहन तो बहुत सुंदर है," त्यातली एक म्हणाली. नीलमनं लाजून पदर सारखा केला. फोन तिच्याच हातात दिला होता. सिंधूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे, त्या नुसता कान लावून बसल्या. दत्ता आईच्या मागं उभा. हनुमंतराव नीलमच्या डाव्या बाजूला, मी उजव्या.

टीव्हीवर आमचा मांडव दिसला. बुटवलच्या भिंतीवर मांडवगण. सुषमाचा आवाज आला, थोडा लांबून, पण स्पष्ट. एक कडवं, दुसरं. मग शेवटचं. वधूचा मामा. आणि त्याच्या मागोमाग, चढ्या सुरात, ताणून, "हनुमंतमामा उभे पाठीशी..."

सिंधूबाईंनी तोंडाला पदर लावला. "दादा, घेतलं की रं तुझं नाव! किती गोड घेतलं!"

पण माझं लक्ष आवाजाकडं नव्हतं. नेमक्या त्या वेळी पप्पूनं कॅमेरा मांडवाभर फिरवला होता. अक्षता उडत होत्या, माणसं माना उंचावत होती, आणि पाठीमागं, जनरेटरजवळच्या खांबाला टेकून एक माणूस उभा होता. काखेत हेल्मेट. उजव्या मुठीत अक्षता, अजून न टाकलेल्या. गळ्यात हिरवा मफलर आणि मफलरवर लाल रफू. नाव उच्चारल्याबरोबर त्या माणसानं मान वर केली. आणि मग अक्षता टाकायच्या ऐवजी हळूच खिशात टाकल्या.

तो मनमाडला नव्हता. तो पहिल्या पंगतीला जेवूनही गेला होता, कोपऱ्यात, कुणाच्या ओळखीचं नसलेलं तोंड करून. नाव गाळतात का, हे ऐकायला आला होता. मोनिकाला डावलल्याचा राग बोलून दाखवता येत नव्हता; नाव गाळलं असतं तर त्याला हवा तो राग मिळाला असता, उघडपणे मिरवता येण्यासारखा. नाव घेतलं, आणि तो राग बुडाला. मग फोनवर काळी पाटी आली, आणि बुडालेली रक्कम परत वसूल होईल असं वाटलं.

"बास," हनुमंतराव म्हणाले. "ऐकू आलं. बंद करा."

"परत एकदा लावू की मामा," मी म्हणालो. "घाई काय? नीट बघून घ्या."

"नाव ऐकायचं हुतं. बघायचं काय त्यात?"

ते माझ्याकडं बघत नव्हते. ते नीलमकडं बघत होते. फोन तिच्या हातात होता, आणि तिचे डोळे तरणे आहेत. नीलमनं बुटवलच्या शेजारणींना हात जोडले, फोन पदमला दिला, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि मामांपुढं धरला. पाणी घ्यायला ते वाकले, तसा मांडीखालचा मफलर घसरून खाली पडला. तिनं तो उचलला, झटकला, आणि रफू वर येईल अशी घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"मामा," ती म्हणाली, "मला माहेरी सोडायला तुम्हीच चला. मुराळी नको. रस्ता तुम्हाला म्हाईत हाय."

दत्ता हसला. "मामांना कुठला रस्ता माहीत? ते कधी गेलेत मांडवगणला?"

"विचारत विचारत जाऊ की," हनुमंतराव पुटपुटले.

सिंधूबाईंनी सुनेची ओटी भरली, गालावरून हात फिरवला. तिच्याकडं नीट बघता यावं म्हणून चष्मा पुसून पुन्हा घातला. पदमला जेवल्याशिवाय सोडलं नाही. खाली जिन्यात पप्पू अजून हात वर करून बसला होता. त्याला कुणी निकाल सांगितलाच नव्हता.

माझ्या गाडीतून आम्ही तिघं निघालो. हनुमंतराव पुढं, नीलम मागं, तिच्या शेजारी सासूनं दिलेल्या शिदोरीची पिशवी. शहर संपलं, नदीवरचा पूल आला. मी ठरवूनच टाकलं होतं. जे बघितलं ते माझ्या खात्यात जमा राहील, कधी काढायचं ते वेळ बघून.

पूल ओलांडल्यावर हनुमंतरावांनी घसा साफ केला. "आप्पा," ते म्हणाले. बऱ्याच दिवसांनी मी पुन्हा आप्पा झालो होतो. "ह्या देशादेशांच्या वेगवेगळ्या मुदती. हे काय बरं न्हाई."

"नाही ना?"

"हितं बंद, तिथं चालू. माणसानं भरवसा कशाचा ठेवायचा? सगळ्या शेजाऱ्यांनी बसून एकच मुदत करून टाकली पायजे."

मागून नीलमनं विचारलं, "कुठली करायची, मामा? पन्नासची का सत्तरची?"

त्यांनी मफलरची टोकं नीट छातीवर घेतली. दोन्हीकडं ऊस उभा होता. त्यांनी खरोखरच विचार केला.

"सत्तरची," ते म्हणाले. "जास्तीतली जास्ती."

पुढं रस्त्याला दोन फाटे फुटतात. सरळ गेलं तर मोठा फेरा पडतो, आणि आतली वाट पाटी नसल्यामुळं नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. मी गाडी हळू केली. इंडिकेटर द्यायला हात पुढं केला, तेवढ्यात हनुमंतराव म्हणाले,

"हितनं डावीकडं घ्या."